विल्लेमची रजा

साल्मेनं टेबलावरच्या सुऱ्या एकेक करून उचलल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि ओट्याखालच्या खणात सारून दिल्या. मग तिला खिडकीतली कात्री दिसली, तीही तिनं आत टाकली. पितरांच्या दिवसांत धारेची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही, येणाऱ्याला लागते, असं तिची आई सांगायची. ते गाव मागे राहिलं, समुद्र ओलांडला, मग महासागर ओलांडून कॅनडातल्या या हॅमिल्टनला येऊनही जन्म गेला, तरी हा नेम चुकला नव्हता.

"पाव हातानंच तोडायचा," ती म्हणाली. "आणि ओस्वाल्ड, बूट काढलेस तर दारातच राहू देत. परत घालावे लागतील."

एस्टोनियाचा संरक्षणमंत्री ओस्वाल्ड रान्नामेत्स बूट हातात धरून उंबऱ्यात उभा होता. उजव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. तो लपवायला त्यानं डावा पाय वर ठेवला, पण साल्मेच्या लेकीनं, आइमेनं, ते आधीच हेरलं होतं. त्याला गाडीतून घेऊन आली होती तीच.

"काका, खात्याला मोज्यांची तरतूद नाही वाटतं?"

"आहे की. एकाच पायाची आहे."

आइमे हसली. साल्मे हसली नाही. ती टेबलावर ताटल्या मांडत होती, आणि माणसं तिघं असताना ताटल्या बऱ्याच जास्त होत्या.

ओस्वाल्ड मंत्री होता हे खोटं नव्हतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा अशातला प्रकार असला तरी सोनुबाई हे नाव कागदोपत्री पक्कं होतं. देश रशियनांनी गिळला त्याला चाळीस वर्षं उलटून गेली होती. पण देश गेला म्हणून सरकार कसं जाईल, असं म्हणून काही माणसांनी परदेशात सरकार चालू ठेवलं होतं. पंतप्रधान स्टॉकहोममध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांना ऐकू कमी यायचं. या मंत्रिमंडळात मरणाशिवाय जागा रिकामी होत नसे. ओस्वाल्डच्या आधीचा पहिला संरक्षणमंत्री खराखुरा कर्नल होता. त्यानं जगातल्या एकूणएक राजधान्यांना निषेधाच्या तारा पाठवल्या आणि उत्तराची वाट पाहत तो गेला. दुसरा औषधांचा दुकानदार. त्यानं आपली सगळी कारकीर्द गणवेशाला बटणं किती असावीत यावर खर्च केली. तिसरा बुद्धिबळ खेळता खेळता टेबलावरच कलंडला. तेव्हा ओस्वाल्डला फोन आला. तो म्हणाला, अहो, मी सैन्यात नुसता कॉर्पोरल होतो, आणि इथं एका शाळेचा बॉयलर सांभाळतो. पलीकडून उत्तर आलं, मग हयात असलेल्यांत सगळ्यात वरचे तुम्हीच.

तेव्हापासून तो मंत्री होता. दर फेब्रुवारीत स्वातंत्र्यदिनाला एस्टोनियन सभागृहात भाषण करायचं, एखाद्या जुन्या सैनिकाच्या दफनाला पुष्पचक्र घेऊन जायचं, एवढंच काम. बायको होती तोवर ती त्याला चिडवायची की तुझ्या हाताखाली मांजरही नाही. पण ओस्वाल्ड मनात एक गोष्ट घट्ट धरून होता. एस्टोनियाचं सैन्य कधी शरण गेलं नव्हतं आणि कधी बरखास्तही झालं नव्हतं. कागदोपत्री ते अजून होतं. ज्यानं ज्यानं शपथ घेतली, तो जिवंत असो की मेलेला, अजून नोकरीवर होता. हे एवढंच सरकारच्या हातात उरलं होतं, आणि ओस्वाल्डनं त्यातला एकही माणूस कमी होऊ दिला नव्हता.

म्हणून परवा साल्मेचा फोन आला आणि ती म्हणाली, "ओस्वाल्ड, सरकारी काम आहे, टाय लावून ये," तेव्हा तो चक्रावला. सरकारी काम घेऊन त्याच्याकडे आजवर कुणीच आलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारीला एकटीनं जेवायचं नसेल. पुढच्या सोमवारी आइमे तिला वृद्धाश्रमात नेणार होती, घर विकलं गेलं होतं, हे अख्ख्या हॅमिल्टनला ठाऊक होतं. तो टाय लावून आला.

"आता बस," साल्मे म्हणाली. "आणि मी काय सांगते ते पुरतं ऐकून घे. मध्येच घसा खाकरू नकोस."

तो बसला. बाहेर चार वाजून गेले होते आणि उजेड ओसरत चालला होता. दुपारपासून बारीक हिम पडत होतं. परसदारी शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत सगळं पांढरं झालं होतं.

"विल्लेम दर वर्षी येतो," ती म्हणाली.

विल्लेम तिचा नवरा. युद्धाच्या शेवटच्या वर्षी तो तिकडेच राहिला, पुढं त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

"सगळेच येतात. माझी आई येते, सासरे येतात, धाकटी नणंद येते. मी दार उघडून नावं घेते, ते आत येतात, जेवतात, मी निरोप दिला की जातात. आजवर कुणी त्रास दिला नाही. फक्त विल्लेम आत येत नाही. तो तिथं उभा राहतो, लायलॅकच्या झुडपापाशी. थंडीत. मी हाका मारते, ताट वाढते, त्याला आवडायचं ते डुकराचं मांस करते. तो हलत नाही. सकाळी ताट जसंच्या तसं."

"आई, दर वर्षी ते ताट मी खाते," आइमे म्हणाली. "म्हणून मी अशी दिसते."

"तू गप्प बस. ओस्वाल्ड, तो शिपाई माणूस आहे. शपथ घेतलेला. रजा मिळाल्याशिवाय तो कसा आत येईल? इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावले, की हा माझ्यावर रुसलाय का, मी दुसरं लग्न तर केलं नाही. मग गेल्या महिन्यात पडले, इस्पितळात होते, तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याला रजा द्यायला कुणी वरचं माणूसच नाही. आणि वरचं माणूस इथं याच गावात राहतंय, दर ख्रिसमसला माझ्याकडचे सॉसेज खाऊन जातंय."

ओस्वाल्डनं आइमेकडे पाहिलं. आइमेनं खांदे उडवले आणि डोळ्यांनीच सांगितलं, म्हणा हो, काय बिघडतंय.

"साल्मे," तो म्हणाला, "तसं करता येत नाही."

"का?"

"एकाला सोडलं की..." त्याला नीट सांगता येईना. "आपल्याकडे दुसरं काही नाही ना. ना जमीन, ना बंदूक. सैन्य मोडलेलं नाही एवढंच आपण जगाला सांगू शकतो. माझ्या आधीच्या तिघांनी कुणालाही सोडलं नाही. मी सुरुवात केली तर उद्या सगळ्या विधवा येतील."

"किती राहिल्यात?"

ओस्वाल्डनं टायची गाठ जरा सैल केली.

"इतकी वर्षं मी फेब्रुवारीत खुर्चीवर बसून तुझं भाषण ऐकते," साल्मे म्हणाली. "दर वर्षी तेच. आम्ही विसरलो नाही, आम्ही डळमळलो नाही. मी टाळ्याही वाजवते. त्यातलं एक तरी वाक्य कधी कुणाच्या कामी आलंय का रे? सोमवारी मला त्या आश्रमात नेणार. तिथं मेणबत्ती पेटवू देत नाहीत. जेवण पाच वाजता, ट्रेमधून. इथं ते पोर्तुगीज कुटुंब येणार, चांगली माणसं आहेत, पण त्यांना काय माहीत झुडपाशी कोण उभं आहे ते? ते झुडूप तोडतील, तिथं गाडी लावतील. आणि हा तिथंच राहील, कायमचा. मी तरी वर जाऊन कुणाला भेटू?"

तिनं ताटली सरळ केली, जी आधीच सरळ होती.

ओस्वाल्डला भाषणाचं लागलं होतं. चांगलंच लागलं होतं, कारण ते खरं होतं. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. आयुष्य बॉयलरच्या खोलीत गेलेलं. भिंतीतून आवाज आला तर तो पाइप असतो हे त्याला पक्कं माहीत. पण या बाईनं त्याच्याकडे मागणं मागितलं होतं आणि ते त्याच्याखेरीज जगात दुसरं कुणी देऊ शकत नव्हतं. असं त्याच्याबाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"आजच्या रात्रीपुरती रजा देतो," तो म्हणाला. "नोकरीतून सोडत नाही."

"आधी आत तर येऊ दे त्याला."

साल्मेनं खिडकीत मेणबत्ती लावली. मग काठी टेकत परसदाराशी गेली आणि दार सताड उघडलं. हवा आत घुसली. तिनं हलक्या आवाजात, शेजारणीला बोलवावं तशी, नावं घेतली. आई. सासरे. नणंद. प्रत्येक नावानंतर ती जरा बाजूला व्हायची, जाणाऱ्याला वाट द्यावी तशी. ओस्वाल्ड टाय नीट करत उभा होता. त्याला काही दिसलं नाही. फक्त मेणबत्तीची ज्योत तीनदा वाकली, आणि दार उघडं असताना ज्योत वाकणारच.

"विल्लेम," साल्मे म्हणाली.

ज्योत सरळ राहिली.

"बघितलंस? आता तू."

ओस्वाल्ड दारात आला. लायलॅकचं झुडूप दहा पावलांवर होतं, निष्पर्ण, काड्यांवर हिम साचलेलं. झुडपाच्या डावीकडे जमिनीचा एक तुकडा काळा होता. पायपुसण्याएवढा. सगळीकडे हिम आणि तेवढ्या तुकड्यावर ओली माती. हिम पडत होतं, त्याच्यावरही पडत होतं, पण टिकत नव्हतं.

पाइप असेल खाली, त्याच्या मनात आलं. गरम पाण्याचा. मग त्याला आठवलं की घराला ऊब देणारी भट्टी त्यानं स्वतः बसवली होती, आणि ती समोरच्या बाजूला होती. इकडून एकही पाइप जात नव्हता.

त्यानं घसा खाकरला. भाषणाच्या वेळी त्याचा आवाज लागायचा तो लागेना.

"सैनिक विल्लेम," तो म्हणाला, "एस्टोनिया प्रजासत्ताकाचा संरक्षणमंत्री म्हणून मी तुला आजच्या रात्रीची रजा मंजूर करतो."

तिघंही थांबली. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा कुत्रा एकदा कण्हला आणि गप्प झाला.

"नाही आला," साल्मे म्हणाली.

"तुला कसं कळतं?"

"तो तिथंच आहे ना. तुझ्याकडे बघतोय."

ओस्वाल्डनं झुडपाकडे परत पाहिलं नाही. तो एकदम म्हणाला, "सैनिक विल्लेम, तुला नोकरीतून मुक्त केलं आहे. सन्मानानं. शपथ फिटली. घरी जा." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. आधीच्या तिघांनी जे केलं नव्हतं ते त्यानं परसदारी, फाटक्या मोज्यात उभं राहून केलं होतं.

काहीच झालं नाही. साल्मेनं दार लोटलं, पुरतं लावलं नाही. ती टेबलाशी येऊन बसली आणि विल्लेमच्या रिकाम्या ताटलीकडे बघत राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर ओस्वाल्डला बरं वाटलं असतं.

"आई, बार्लीची लापशी गार होतेय," आइमे हळूच म्हणाली. थट्टा आता तिच्या आवाजात नव्हती.

"मग तो माझ्यावरच रुसलाय," साल्मे म्हणाली. "रजेचं काही नव्हतं. मीच आपली समजूत घालून घेतली."

ओस्वाल्ड तिच्यासमोर बसला. त्याला काय विचारावं कळेना, म्हणून त्यानं तेच विचारलं जे एस्टोनियन माणसं एकमेकांना कधी विचारत नसत, कारण प्रत्येकापाशी अशी एक गोष्ट होती आणि ती ज्याची त्याच्यापाशी ठेवायची रीत होती.

"तू त्याला शेवटचं कुठं पाहिलंस?"

साल्मेनं बराच वेळ ताटलीची कड बोटानं पुसली.

"किनाऱ्यावर. सप्टेंबर होता. कोळ्यांच्या बोटी स्वीडनला जात होत्या, रशियन येताहेत म्हणून सगळा गाव किनाऱ्यावर लोटला होता. आइमे माझ्यापाशी, सहा महिन्यांची. विल्लेमची तुकडी तिथंच होती. जंगलातून किनाऱ्याकडे उतरणारी वाट आहे ना, तिच्या तोंडाशी त्यांच्या लेफ्टनंटनं याला उभं केलं होतं. म्हणाला, तू इथं थांब, मी तुझ्या जागी बदली माणूस पाठवतो, मग तूही बोटीत बस. आणि तो लेफ्टनंट पहिल्याच बोटीनं गेला. मी स्वतः पाहिलं त्याला बोटीत चढताना. बदली कुठून येणार? आमची बोट भरली. मी हाक मारली विल्लेमला. खूप हाका मारल्या. तो आला नाही."

आइमे आईकडे बघत होती. तिनं हे आधी ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"साल्मे," ओस्वाल्ड म्हणाला, "म्हणजे तो पहाऱ्यावर होता."

"उभा होता, बंदूक घेऊन."

"तोच पहारा. अगं, मग रजेनं काय होणार? पहाऱ्यावरच्या माणसाला मंत्रीही हलवू शकत नाही. सैन्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, बाकी सगळं नंतर. बदली समोर येऊन उभी राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. सेनापती आला तरी नाही, घराला आग लागली तरी नाही." तो बोलता बोलता उभा राहिला होता. "तो रुसलेला नाही. त्याची बदली आलेली नाही, एवढंच आहे."

"मग पाठवा बदली," आइमे म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं, पण हसली नाही. "खात्यात माणसं किती आहेत?"

"मला धरून?"

"हो."

"एक."

ओस्वाल्ड दाराशी गेला, बाकावर बसला आणि बूट चढवले. त्याला भीती वाटत होती आणि आपण भितो आहोत याची लाजही वाटत होती. अंगात नुसतं जाकीट होतं. कोट घ्यायला तो वळला नाही, वळलो तर परत बसू, असं त्याला वाटलं.

हिमावरून चालताना त्याचे गुडघे कुरकुरले. काळ्या तुकड्यापासून दोन पावलांवर तो थांबला. इतक्या जवळून तो तुकडा नीट दिसत होता. दोन पावलांच्या जागा खोल दबलेल्या होत्या, टाचांपाशी जास्त.

त्यानं पाय जुळवले. तारुण्यात पाठ केलेले शब्द ओठांवर येतील की नाही याची त्याला खात्री नव्हती, पण ते आले.

"बदली हजर आहे. जागा सोपव."

वारा नव्हता. झुडपाच्या एका काडीवरचं हिम तेवढं सांडलं. ओस्वाल्डनं डोळे मिटले आणि एक पाऊल पुढं टाकून त्या काळ्या तुकड्यावर उभा राहिला. मग रीतीप्रमाणं मागे फिरून तोंड बाहेरच्या बाजूला केलं, घराकडे पाठ.

जमीन गरम होती. बुटाच्या तळातून ऊब वर येत होती, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीची असते तशी.

त्याच्या मागे हिमावर पावलं वाजली. जड, सावकाश पावलं, बराच वेळ एकाच जागी उभं राहून पाय आखडलेल्या माणसाची. पायरीशी ती थांबली आणि बुटांवरचं हिम झाडण्यासाठी पाय दोनदा आपटले गेले. ओस्वाल्डनं मान वळवली नाही. पहारेकऱ्यानं मागे बघायचं नसतं, हा नियम होता, आणि नियम नसता तरी त्यानं बघितलं नसतं.

दार उघडलं. आणि साल्मेचा आवाज आला, जो त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता. त्याच्या ओळखीच्या साल्मेचा तो नव्हताच. कुणा तरुण बाईचा होता, जराशा रागावलेल्या.

"आलास? बस. सगळं गार झालंय, थांब, गरम करते."

खुर्ची सरकली. नंतर बराच वेळ नुसते चमच्याचे आवाज येत राहिले.

ओस्वाल्डला हसू आलं आणि त्याचे डोळे भरले. इतक्या वर्षांच्या मंत्रिपदात त्यानं हे एक काम केलं होतं. तो ताठ उभा राहिला आणि समोर पाहू लागला.

समोर शेजाऱ्यांचं कुंपण होतं. निदान असायला हवं होतं. अंधार पडला होता आणि हिम दाट झालं होतं, त्यामुळे कुंपण दिसत नसेल. पण मग डांबराचा वास कुठून येत होता ते त्याला कळेना. बोटींना लावतात त्या डांबराचा, आणि त्यात मिसळलेला खारा वास. तळ्याला खारा वास नसतो. हॅमिल्टनला तळं आहे, समुद्र नाही. त्यानं खोल श्वास घेतला. हिमाऐवजी गालाला धुकं लागत होतं.

मग त्याला माणसं दिसली. त्याच्या डाव्या बाजूनं, झाडांतून, ती उतरत होती. बोलत कुणी नव्हतं. कुणाच्या पाठीवर गाठोडं, कुणाच्या हातात शिवणाचं यंत्र, एका म्हाताऱ्याच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ. एक बाई गाईला दोरीनं ओढत होती आणि दुसरी तिला हळूच सांगत होती की गाय बोटीत घेणार नाहीत. ओस्वाल्डच्या अगदी समोरून ही सगळी माणसं जात होती. प्रत्येक जण जाताना त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचा आणि पाऊल उचलायचा, वाटेच्या तोंडाशी पहारेकरी आहे म्हणजे अजून वेळ आहे, अशा हिशेबानं. वाट वर जंगलात गेली होती आणि तिथपर्यंत माणसंच माणसं होती. शेवट दिसत नव्हता.

तेव्हा त्याला कळलं की विल्लेम का आला नसेल. नुसती बदली आली नव्हती म्हणून नव्हे. तो हलला असता तर ही माणसं जंगलातच थांबली असती.

घरात साल्मे निरोपाचं बोलत होती. खाल्लंत, प्यालात, आता आपापल्या वाटेनं जा, पोरीबाळींवर लक्ष असू द्या. तो आवाज फार लांबून येत होता. परसदार उघडलं, मिटलं. नंतर एकच जण पायऱ्या उतरून आलं.

"काका." आइमे होती. तिच्या हातात त्याचा जाड कोट होता. "जेवले. मी ताटलीकडे बघतच होते, नजर हलवली नाही. ताटली रिकामी झाली." ती थांबली. "सगळे गेले. आई खुर्चीतच झोपलीय, तोंडावर हसू आहे. चला आत, गारठाल."

ओस्वाल्ड हलला नाही. खाली पाण्यात एक बोट भरत आली होती. टोपीवाला कोळी माणसं मोजत होता. बोटीच्या कडेशी एक तरुण बाई उभी राहिली होती, शाल घट्ट गुंडाळलेली, आणि ती वळून वर, थेट त्याच्याकडे बघून हाका मारत होती. ये ना. जागा आहे. ये ना रे. कोळ्यानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं तरी ती हाका मारतच होती.

ओस्वाल्डनं नकारार्थी मान हलवली. एकदा, मग परत, तिला दिसावी अशी.

आइमेनं मागून त्याच्या खांद्यांवर कोट टाकला आणि त्याच्या नजरेच्या रोखानं शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे पाहिलं.

"कुणाला नाही म्हणताय, काका?"

"तुझ्या आईला," ओस्वाल्ड म्हणाला. "हळू बोल. तू तिच्या कडेवर झोपली आहेस."